नागपूरचं स्टेशन, भंडाऱ्याचा कान

नवी गाडी घेतलेले लोक हल्ली एक प्रश्न विचारतात. गाडीच्या स्टिरिओत एफएमच्या शेजारी ‘डीआरएम’ असा एक पर्याय दिसतो. तो लावला की आवाज खरंच सुधारतो का? आणि सुधारत असेल, तर तसाच डिजिटल रेडिओ घरी आई-वडिलांसाठी आणावा का? पुण्या-मुंबईतल्या माणसाला मी सांगेन, ऐकून बघा आणि ठरवा. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांतल्या माणसाला मात्र माझं उत्तर सरळ आहे: आत्ता नको. त्या पैशांत कानाला जास्त सुख देणाऱ्या काही गोष्टी करता येतात आणि त्यांतल्या दोन-तीन तर फुकटच आहेत.

नको का, ते आधी सांगतो. आकाशवाणीनं स्वीकारलेली डिजिटल पद्धत म्हणजे डिजिटल रेडिओ माँदियाल, थोडक्यात डीआरएम. मध्यमलहरींच्या जुन्या पट्ट्यातच ती चालते, हा तिचा मोठा गुण. मुंबई, पुणे, हैदराबाद, जबलपूर अशा केंद्रांसह देशातल्या तीसहून अधिक मध्यमलहरी ट्रान्समीटरांवर ती बसवली गेली. बहुतेक ठिकाणी साधं आणि डिजिटल प्रक्षेपण शेजारी-शेजारी चालतं, त्यामुळे घरातला जुना संच निकामी होत नाही. पण भंडारा जिल्ह्याला दिवसभर पुरतं ते नागपूर केंद्राचं ५८५ किलोहर्ट्झ, आणि ते या यादीत नाही. डिजिटल म्हणावं असं सर्वांत जवळचं केंद्र जबलपूरचं, ८०१ किलोहर्ट्झवरचं. तुमसरपासून ते सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला आहे. म्हणजे महागडा संच आणून तुम्ही ऐकणार काय, तर दिवसा जबलपूर लागलं तर लागलं आणि रात्री पुणे-मुंबई मधूनमधून. ज्या केंद्रावर तुमच्या भागाच्या बातम्या आणि धानाच्या पिकाचा सल्ला मिळतो, ते त्या संचावरही साध्याच पद्धतीनं वाजणार.

रात्री दूरची केंद्रं का लागतात, हे जुन्या श्रोत्यांना अनुभवानं ठाऊक आहे. दिवसा मध्यमलहरी शोषून घेणारा वातावरणाचा एक थर सूर्य मावळल्यावर विरतो, मग त्या लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. साध्या प्रक्षेपणात याचा परिणाम म्हणून आवाज चढतो, उतरतो, मध्येच दुसरं केंद्र डोकावतं, पण बोलणं बहुधा समजतं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत आवाज स्वच्छ येतो आणि एका मर्यादेखाली गेला की एकदम शांतता. एखादं वाक्य अर्ध्यावर तुटतं, चार सेकंदांनी पुढचं वाक्य सुरू होतं. बातमीपत्रात ‘पाण्याचा विसर्ग’ ऐकू आला आणि धरणाचं नाव गेलं, तर त्या स्वच्छ आवाजाचा उपयोग काय?

रात्री साध्या रेडिओवर काटा फिरवताना एखाद्या केंद्राच्या लगत एकसारखा, न चढणारा-न उतरणारा ‘सूं’ आवाज आला, तर संच बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा ते डिजिटल प्रक्षेपण असतं आणि तुमच्या संचाला ते उलगडता येत नाही, इतकंच.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल. डिजिटल म्हणजे उत्तम, ही समजूत दुकानातून येते. प्रत्यक्षात प्रत्येक मार्गाची एक रुंदी असते आणि त्या रुंदीतून जेवढं जाईल तेवढंच कानापर्यंत येतं. आपल्याकडे मध्यमलहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्यामुळे आवाजाला वाव मिळतो साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचं बोलणं त्यात नीट बसतं. पण ‘स’ आणि ‘श’मधली धार, टाळांचा नाद, तंबोऱ्याचं वरचं गुंजन हे सगळं त्याच्या पुढचं असतं आणि कापलं जातं. एफएमवर हीच मर्यादा १५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे जवळजवळ तिप्पट, शिवाय स्टिरिओ. डीआरएम मध्यमलहरीच्याच अरुंद पट्टीतून जातं. तिथे सेकंदाला साधारण १० ते २५ किलोबिट एवढीच माहिती मावते. एवढ्याशा जागेत आवाज बसवायचा तर तो फार दाबावा लागतो. त्यासाठी वापरली जाणारी एक्सएचई-एएसी ही दाबण्याची पद्धत खरोखर हुशार आहे. ती बोलणं आणि गाणं यांना वेगवेगळी वागणूक देते आणि वरच्या पट्टीतले स्वर संचात नव्यानं उभे करते. त्यामुळे चांगल्या सिग्नलवर डीआरएमचा आवाज मध्यमलहरीपेक्षा नक्कीच मोकळा आणि खरखरमुक्त असतो. निवेदन ऐकायला तर फार सुखाचं. पण तो स्वच्छ एफएमच्या वर जातो, असं मला वाटत नाही. भजनात टाळ-चिपळ्या एकदम सुरू झाल्या किंवा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला की दाबलेल्या आवाजाची ओळख पटते; कढईत काहीतरी तळत असल्यासारखा तो चुरचुरतो. हीच खूण मोबाईलवरच्या कमी दर्जाच्या प्रवाहालाही लागू पडते.

ज्येष्ठ श्रोत्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होत जातं आणि साठीनंतर बहुतेकांना १० ते १२ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. त्यामुळे घरातल्या आजोबांसाठी १५ किलोहर्ट्झचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्यांना हवा असतो तो मागचा गोंगाट नसलेला, मध्यम पट्टी ठसठशीत असलेला आवाज. चार इंची स्पीकर असलेला साधा संच ते काम हातातल्या चकचकीत डबीपेक्षा चांगलं करतो.

मध्यमलहरीवर आपल्या जिल्ह्यात आवाज खराब येतो, त्याचं कारण नागपूर दूर आहे हे नाही. ५८५ किलोहर्ट्झची एकेक लहर पाचशे मीटरहून लांब असते. ती जमिनीला धरून, टेकड्या ओलांडून येते. अंबागडच्या डोंगरामागे काय, कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावात काय, ती पोचते. खरा शत्रू घरात आणि बांधावर बसलेला आहे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर या सगळ्यांतून मध्यमलहरींच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो. आणि रानडुकरांपासून धान वाचवायला बांधीभोवती जे झटका मशीन लावतात, त्याचा ठोका साधारण सेकंदाला एक या चालीनं रेडिओवर ‘टक्-टक्’ असा उमटतो. तारेला गवत किंवा ओली फांदी टेकलेली असेल तर हा ठोका आणखी मोठा होतो, कारण तिथे ठिणगी उडते. गवत काढलं की रेडिओही सुधारतो आणि कुंपणही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. संचात सेल घाला, ५८५ लावा आणि घरचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. गोंगाट गेला तर दोष घरातला. मग एकेक दिवा, एकेक चार्जर सुरू करत जा आणि आवाज कशानं बिघडतो ते पकडा. मेन स्विच बंद करूनही गोंगाट राहिला तर तो शेजारून किंवा विजेच्या तारांवरून येतोय. मग संच घेऊन अंगणात, तारांपासून लांब जाऊन बघा. वीजजोडणीवर चालणाऱ्या रेडिओपेक्षा सेलवरचा रेडिओ जास्त स्वच्छ वाजतो, तो याच कारणानं.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे संचाचं तोंड. मध्यमलहरीसाठी रेडिओच्या आत आडवी फेराइटची काळी कांडी असते. वर ओढायच्या दांडीचा इथे काही संबंध नाही. कांडीच्या बाजूनं लहर आडवी आली तर ती चांगली पकडते आणि कांडीच्या टोकाकडून आली तर जवळजवळ पकडतच नाही. भंडारा शहरातून नागपूर जवळपास नेमकं पश्चिमेला आहे, म्हणून रेडिओची लांबी दक्षिणोत्तर ठेवा. पवनीहून नागपूर वायव्येला येतं, तुमसरहून पश्चिमेला किंचित नैर्ऋत्येकडे, लाखांदूरहून पश्चिम-वायव्येला. साकोली-लाखनीकरांना भंडाऱ्यासारखंच. मात्र गोंगाट फार असेल तर नागपूरचा विचार सोडा आणि संच हळूहळू फिरवत गोंगाट सर्वांत कमी होईल अशी जागा शोधा. नागपूरचा सिग्नल थोडा घटेल, पण गोंगाट कितीतरी जास्त घटेल आणि ऐकणं सुधारेल. ही युक्ती मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाची वाटते, कारण ती संध्याकाळभरात शिकता येते आणि आयुष्यभर पुरते.

एफएमचं गणित वेगळं आहे. तिथे लहर जेमतेम तीन मीटरची, ती सरळ रेषेत जाते आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजाखाली गेली की क्षीण होते. एखादा एफएम मनोरा १०० मीटरचा धरला आणि रेडिओ टेबलावर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर, तर सरळ पोच होते सुमारे ४६ किलोमीटर. तोच अँटेना नऊ मीटरवर, दुमजली घराच्या गच्चीवर नेला तर सुमारे ५३. नागपूर ते भंडारा शहर हे सरळ अंतर ५८ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे भंडारा अगदी कडेवर आहे, आणि पूर्वेकडचे तालुके त्या कडेच्या बाहेर. विविध भारतीचं नागपूरचं १००.६ मेगाहर्ट्झ भंडाऱ्यात गच्चीवर छान लागतं आणि खालच्या खोलीत फसफसतं, त्याचं कारण हे. क्षितिजापलीकडे सिग्नल एकदम शून्य होत नाही, पण त्या पट्ट्यात प्रत्येक मीटर उंचीचा फरक कानाला कळतो.

अशा कडेवरच्या श्रोत्यानं सर्वांत आधी संचावरचं ‘मोनो’ बटण दाबावं. एफएमचा स्टिरिओ भाग ३८ किलोहर्ट्झच्या एका उपवाहकावर बसून येतो आणि तो दुबळ्या सिग्नलला फार लवकर बळी पडतो. स्टिरिओत ऐकताना फसफस मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबलनं जास्त असू शकते. बटण दाबल्याबरोबर डावा-उजवा भेद जातो, पण पार्श्वभूमी शांत होते. एका स्पीकरच्या रेडिओवर तर काहीच गमावत नाही. मोबाईलमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. ती गुंडाळून खिशात ठेवू नका, सरळ मोकळी सोडा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद न ठेवण्याची सूचना दिली होती. नवा फोन घेताना ही सोय आहे का ते दुकानातच विचारून घ्या, कारण त्या रेडिओला इंटरनेट लागत नाही.

याहून पुढे जायचं असेल तर बाहेरचा अँटेना बनवा. तांब्याच्या तारेचे ७५ सेंटिमीटरचे दोन तुकडे बांबूवर एका रेषेत, मध्ये बोटभर अंतर ठेवून ताणायचे. मधल्या दोन टोकांना टीव्हीच्या केबलची आतली तार आणि जाळी जोडायची. केबल खाली आणून तिची आतली तार रेडिओच्या दांडीला लावायची. तारांची रेषा नागपूरच्या दिशेला आडवी हवी, म्हणजे भंडाऱ्यात दक्षिणोत्तर. एकदा आडवं ठेवून आणि एकदा उभं करून बघा, जे चांगलं वाजेल ते खरं. तुमसरच्या उत्तरेकडच्या गावांना याच अँटेनावर बालाघाटची आकाशवाणीही शोधून बघता येईल. मात्र एक गोष्ट हात जोडून सांगतो. रोवणीच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की ही केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा. पूर्व विदर्भात वीज पडून माणसं दगावतात. गाण्यासाठी तो धोका पत्करायचा नाही.

ज्यांना घरी बसून संगीत ऐकायचं आहे त्यांच्यासाठी मात्र माझी पहिली शिफारस छत्रीची आहे. दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशवर टीव्ही वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक रेडिओ वाहिन्या असतात. विविध भारती आहे, शास्त्रीय संगीत आहे, आकाशवाणीची मराठी वाहिनीही आहे. खूप घरांत ही छत्री वर्षानुवर्षं आहे आणि रिमोटवरचं ‘रेडिओ’ बटण कुणी दाबूनही बघितलेलं नाही. दाबून बघा. इथे मध्यमलहरीची खरखर नाही, एफएमची कडेवरची फसफस नाही, मोबाईलचा डेटा नाही. आवाज दाबलेलाच असतो, पण डीआरएमपेक्षा त्याला कितीतरी जास्त जागा मिळालेली असते. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका. ते बारीक आणि मागे तोंड केलेले असतात. सेट टॉप बॉक्समागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून वायर काढून ती होम थिएटरला किंवा जुन्या टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन इन’ला जोडा. वाहिनी एकदा लावली की टीव्ही बंद केला तरी चालतो.

छत्रीचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून भंडाऱ्यातून तिचं तोंड आग्नेयेकडे असतं. त्या बाजूचं आंब्याचं किंवा मोहाचं झाड दरवर्षी वाढतं आणि हळूहळू आड येतं. आवाज तुटायला लागला तर मेकॅनिक बोलावण्याआधी झाडाकडे बघा. मुसळधार पावसात काही मिनिटं सिग्नल जातो, तो दोष नव्हे. एवढ्या लहान लहरींना पाऊस अडवतोच.

मोबाईलचा मार्ग सर्वांना माहीत आहे. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’वर आकाशवाणीच्या २४०हून अधिक सेवा थेट ऐकता येतात, नागपूर केंद्र त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘वेव्ह्ज’वरही रेडिओ आहे. रात्री इअरफोन लावून ऐकायचं तर यासारखं सुख नाही. ५८५वर बोदा वाटणारा निवेदकाचा आवाज इथे उघडा, जवळचा लागतो. खर्च काढून बघू: सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे २९ एमबी घेतो. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला अडीच जीबीच्या थोडं वर. हा भार सोसवण्यासारखा आहे, पण जंगलाकडेच्या शेतात किंवा गोसेखुर्दच्या जलाशयाकाठी नेटवर्कच दोन काड्यांवर आलं की सगळं अडखळतं. शिवाय हा आवाज प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या अर्धा-एक मिनिट मागे चालतो; त्यावरून घड्याळ लावू नका.

मोबाईलमधून चांगला आवाज आला तरी तो मोबाईलच्याच स्पीकरमधून काढला तर सगळं वाया जातं. त्या इवल्याशा स्पीकरमधून तबल्याचा डग्गा येतच नाही, फक्त चाट ऐकू येते. ब्लूटूथवर आवाज आणखी एकदा दाबला जातो, म्हणून जमेल तिथे वायर वापरा.

या सगळ्यांतलं तुमच्या घरी कोणतं चांगलं, हे दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर ठेवू नका. स्वतः तुलना करा. त्यासाठी विविध भारती सोयीची, कारण ती १००.६वर, छत्रीवर आणि मोबाईलवर अशी तिन्हीकडे मिळते. नागपूरच्या स्थानिक कार्यक्रमाची वेळ टाळा, म्हणजे तिन्हीकडे एकच गाणं असेल. मध्यमलहर आणि मोबाईल यांची तुलना नागपूर केंद्राच्या एकाच कार्यक्रमावर करा. शक्य असेल तर सर्व मार्ग एकाच स्पीकरला जोडा, नाहीतर तुम्ही प्रक्षेपणाची नव्हे, स्पीकरची परीक्षा घ्याल. आवाजाची पातळी निवेदकाच्या बोलण्यावरून सारखी करून घ्या. हे सोडलं तर सगळी तुलना फसते, कारण थोडा मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. मग पाठ फिरवून बसा आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता मार्ग बदलायला लावा. बोलण्यात ‘स’ आणि ‘श’ वेगळे ओळखू येतात का, हार्मोनियमचा सूर थरथरतो का, टाळ फुटतात का, आणि दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत काय ऐकू येतं, एवढ्याकडे लक्ष द्या. अर्ध्या तासानंतर थकवा कशानं येतो, तेही बघा. माझ्या मते हीच सर्वांत खरी कसोटी आहे. काही आवाज पहिल्या मिनिटाला चमकदार वाटतात आणि मग नकोसे होतात. मध्यमलहरीचा मऊ आवाज घरकाम करताना तासन् तास सोबत करतो.

एवढं सगळं सांगूनही सेलवर चालणारा, मध्यमलहर असलेला एक रेडिओ प्रत्येक घरात असावाच, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाईल मनोऱ्याची बॅटरी संपते, छत्री असून उपयोग नसतो कारण बॉक्सला वीज हवी. पाण्याखाली नसलेल्या नागपुरातून येणारी लहर मात्र येतच राहते. सेल मीठ-मिरचीसारखे घरात भरून ठेवायचे नसतात, ते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात. मृगाच्या आधी नवे घ्या आणि संच वापरात नसेल तेव्हा बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून संच खातात.

डीआरएमबद्दल माझा आकस नाही, उलट आग्रहच आहे. त्यात आपत्तीच्या वेळी संचांना आपोआप सूचनेच्या वाहिनीवर नेण्याची सोय आहे, आवाजाबरोबर मजकूर पाठवता येतो, आणि तेवढीच पोच कमी विजेत साधते. वैनगंगेच्या खोऱ्याला हे हवंच आहे. नागपूरच्या ५८५वर साधं प्रक्षेपण कायम ठेवून शेजारी डिजिटल सुरू झालं, तर मी आजचा सल्ला बदलेन. एफएमच्या पट्ट्यातही हालचाल आहे. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०२५ मध्ये १३ मोठ्या शहरांत खासगी डिजिटल रेडिओ सुरू करण्याची शिफारस केली आणि त्यांत नागपूर आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक साधी वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी अशी ती रचना आहे. देशभर एकच डिजिटल पद्धत असावी, असंही ट्रायनं म्हटलं. डीआरएम आणि एचडी रेडिओ या दोन्ही पद्धतींच्या चाचण्या झालेल्या आहेत. पद्धत ठरून संच बाजारात येण्याआधी घेतलेला रेडिओ उद्या कामाचा राहील, याची हमी दुकानदार देऊ शकत नाही. आणि भंडारा कडेवर आहे हे तेव्हाही बदलणार नाही: डिजिटल एफएम इथे एका घरात स्वच्छ वाजेल आणि पुढच्या गल्लीत मुकं राहील. त्या दिवशीही गच्चीवरचा बांबू उपयोगी पडेल.

तोवर एक काम श्रोत्यांनीच करायचं आहे. आपल्याकडे कसं ऐकू येतं, हे नागपूर केंद्राला लिहून कळवा. १९४८ पासून चालू असलेल्या या केंद्राला श्रोत्यांची पत्रं नवी नाहीत, पण त्यांत बहुतेक फर्माईश असते. तुम्ही गाव आणि तालुका लिहा. लाखनी आणि लाखांदूर यांत गल्लत होऊ देऊ नका. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, संच कोणता, सेलवर की विजेवर, बोलणं पूर्ण समजलं की तुटलं, गोंगाट कसला होता, हे चार ओळींत मांडा. एक नोंद रोवणीच्या दिवसांतली पाठवा आणि एक धान घरी आल्यानंतरच्या थंडीतली, एक दुपारची आणि एक रात्री नऊनंतरची. पावसाळ्यातल्या विजांचा कडकडाट आणि डिसेंबरातली कोरडी रात्र यांत प्रक्षेपणाची तब्येत पार वेगळी असते, आणि तंत्रज्ञांना दोन्ही ठाऊक असायला हवं.